संगणकाच्या संघाने खेळाडू कसे निवडावेत? कॉलेज क्रीडा-सिम्युलेशनमधील भरतीचे परीक्षण

मागच्या सत्रात तिसऱ्या वर्षाच्या एका गटाने प्रकल्पासाठी कॉलेज बास्केटबॉलचे सिम्युलेशन लिहिले. सामना खेळवणारा भाग चांगला जमला होता. गुणफलक खरा वाटे, दमलेला खेळाडू चुका करी, घरच्या मैदानाचा थोडा फायदाही दिसे. प्रात्यक्षिकाच्या वेळी मी सहावा हंगाम उघडायला सांगितला आणि संगणकाकडे असलेल्या एका संघाची यादी पाहिली. बारा खेळाडूंत नऊ गार्ड. उंच म्हणावा असा एकच, आणि तोही शेवटच्या वर्षाला. कारण विचारले तेव्हा गटातली मुलगी म्हणाली, "मॅडम, त्या वर्षी गार्ड लोकांचेच गुण जास्त होते."

कोडने सांगितलेले काम चोख केले होते. उपलब्ध मुलांची यादी गुणांनुसार उतरत्या क्रमाने लावायची आणि वरून उचलत जायचे, एवढेच त्याला सांगितले होते. चूक सांगण्यात होती. या टिपणात त्या चुकीचे परीक्षण करू, कारण ती आमच्या प्रकल्पापुरती नाही.

या प्रकारच्या ऑनलाइन खेळांत 'हूप्स डायनॅस्टी' हा जुना आणि माहितीतला नमुना आहे. व्हॉटइफस्पोर्ट्स या अमेरिकन संकेतस्थळावर तो ब्राउझरमधून खेळला जातो. खेळणारा स्वतः चेंडू टाकत नाही. तो प्रशिक्षक असतो. संघ निवडणे, सराव आखणे, डावपेच ठरवणे आणि मुख्य म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू मिळवणे हे त्याचे काम. स्पर्धेचे तीन विभाग आहेत आणि संघ इतके, की प्रत्येक खुर्चीवर माणूस बसणे शक्यच नाही. ज्या संघाला माणूस नाही तो 'सिम एआय' चालवतो. ही सिम एआय भरतीत कच्ची पडते, ही तिथल्या खेळणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. त्या प्रोग्रामच्या आतल्या ओळी बाहेर खुल्या नाहीत, त्यामुळे मी बोलणार आहे ते या जातीच्या खेळांतल्या नेहमीच्या रचनेबद्दल. ती रचना आमच्या वर्गातल्या प्रतिकृतीत उघडी करून पाहता आली.

भरतीला इतके महत्त्व का?

आपल्याकडे आयपीएलमुळे लिलाव सगळ्यांना समजतो. अमेरिकेतले कॉलेज बास्केटबॉल त्याहून वेगळे आहे. तिथे शाळा संपवणारा मुलगा कोणत्या कॉलेजकडून खेळायचे ते स्वतः ठरवतो. कॉलेजे त्याच्या मागे लागतात. प्रशिक्षक घरी जाऊन आईवडिलांना भेटतात, मुलाला कॉलेज दाखवायला बोलावतात, खेळायला किती वेळ मिळेल याचे शब्द देतात. पहिल्या विभागातल्या पुरुष संघाला अनेक वर्षे १३ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. हूप्स डायनॅस्टीत संघ १२ जणांचा असतो. मुलगा साधारण चार हंगाम खेळतो आणि जातो. (प्रत्यक्षात २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा आली आणि कॉलेज बदलणेही सोपे झाले. आपल्या प्रतिकृतीत आपण जुनी चौकटच धरली आहे.)

चौकटीचा परिणाम लक्षात घ्या. खेळाडूंची अदलाबदल नाही, विक्री नाही. व्यावसायिक संघाच्या सिम्युलेशनमध्ये चुकीचा माणूस घेतला तर पुढच्या महिन्यात तो देऊन टाकता येतो. इथे चुकीची निवड चार वर्षे बाकावर बसून राहते. म्हणून सामन्याचे इंजिन कितीही बारकाईने लिहा, भरती कच्ची असेल तर दहा हंगामांत लीग पोकळ होते.

पोकळ लीगची झळ कोणाला लागते? पहिला विचार असा येतो की समोरचे संघ दुबळे असतील तर खेळणाऱ्याचे फावलेच. हा युक्तिवाद माझ्या विद्यार्थ्यांनीही केला आणि थोडा वेळ मलाही पटला होता. पण दोन गोष्टी तपासा. पहिली, क्रमवारी. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये २०१८ पर्यंत वापरला गेलेला आणि हूप्स डायनॅस्टीतही असलेला आरपीआय निर्देशांक असा बनतो: आपल्या विजयांचे प्रमाण २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांचे ५० टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांचे २५ टक्के. म्हणजे तीन चतुर्थांश निर्देशांक दुसऱ्यांच्या कामगिरीवर. आपल्या कॉन्फरन्समधले संगणकाचे संघ बाहेर जाऊन हरत राहिले तर आपण त्यांना कितीही मोठ्या फरकाने हरवा, आपली क्रमवारी खालीच ओढली जाते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नवा खेळणारा येतो तेव्हा त्याला रिकामा संघ मिळतो. आणि रिकामा संघ म्हणजे व्याख्येनेच आजवर संगणकाने चालवलेला संघ. नवशिक्याची पहिली यादी, ज्या मुलांची नावे तो पाठ करणार, ज्यांच्या जोरावर तो पहिला हंगाम खेळणार, ती सगळी संगणकाची करणी असते. नऊ गार्ड आणि एक उंच माणूस असा संघ त्याच्या हाती पडला तर त्याला काहीही येत असले तरी दोन-तीन हंगाम मार खावाच लागतो. बरेच जण तेवढे थांबत नाहीत. ते गेले की तो संघ पुन्हा संगणकाकडे, आणखी बिघडायला. दुबळी सिम एआय नवशिक्याला सोपी पडते हे म्हणणे इथे उलटे पडते: समोरचा संघ सोपा असेलही, पण स्वतःचा संघ त्याहून वाईट असतो.

म्हणून संगणकाच्या संघाने किती सामने जिंकले यावर त्याच्या भरतीचे मोजमाप मी करणार नाही. तो विश्वस्त आहे, मालक नाही. उद्या कोणी माणूस आला तर त्याच्या हाती कसा संघ देता, हा त्याच्या परीक्षेचा प्रश्न. ही कसोटी एकदा मान्य केली की बाकीचे बरेच निर्णय आपोआप लागतात.

गुणांची बेरीज

आता नऊ गार्डांकडे परत येऊ. प्रतिकृतीत प्रत्येक मुलाला दहा-बारा गुण होते: वेग, उडी, रिबाउंड, बचाव, चेंडू हाताळणी, लांबून फेक, दम वगैरे. कोड या सगळ्यांची बेरीज करत होते. सेंटरला लांबून फेक येते का, याला रिबाउंडइतकेच वजन! असा सेंटर यादीत वर येतो आणि मैदानावर काही कामाचा नसतो. जागेनुसार वजने देणे हा उपाय सर्वांना सुचतो, आणि तो बरोबरही आहे. त्यावर थांबत नाही.

खरा घोटाळा काळाचा आहे. आकडे घेऊन पाहू. ते समजण्यासाठी धरलेले आहेत. 'अ' हा मुलगा आज ६० गुणांचा आहे आणि दरवर्षी २ ने सुधारतो. 'ब' आज ५४ चा आहे, पण दरवर्षी ७ ने वाढेल. 'अ' ची चार वर्षे: ६०, ६२, ६४, ६६. 'ब' ची: ५४, ६१, ६८, ७५. बेरीज २५२ आणि २५८. आजचे गुण पाहणारे कोड 'अ' घेईल. चार वर्षे पाहणारे 'ब' घेईल, पण फरक फार नाही असेही म्हणेल. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. कारण पहिल्या वर्षी हा मुलगा खेळणार आहे का, हे कोणी विचारलेच नाही. त्याच्या जागेवर आधीच ७० गुणांचा शेवटच्या वर्षाचा खेळाडू उभा असेल, तर नव्या मुलाचे पहिले वर्ष बाकावरच जाणार. त्या वर्षीचे त्याचे गुण ६० असोत की ५४, संघाला सारखेच. पहिले वर्ष वगळा: 'अ' १९२, 'ब' २०४. फरक दुप्पट झाला. उलट त्या जागेवर कोणीच नसेल आणि मुलाला उद्यापासून उतरवायचे असेल, तर पहिल्या दोन वर्षांत 'अ' १२२ आणि 'ब' ११५; तिथे 'अ' घेणे शहाणपणाचे ठरू शकते.

म्हणजे मुलाची किंमत मुलाजवळ नसते. ती त्याच्यात आणि आपल्या संघातल्या भोकात मिळून ठरते. फंक्शनला एकच आर्ग्युमेंट देऊन चालणार नाही. मुलगा आणि संघ अशी दोन द्यावी लागतात. सूत्र अवघड नाही: प्रत्येक वर्षासाठी अपेक्षित गुण गुणिले त्या वर्षी खेळण्याची शक्यता, आणि चार वर्षांची बेरीज. खेळण्याची शक्यता आपल्याच यादीवरून काढता येते. आमच्या गटाने हा बदल केला तेव्हा कोड चाळीस-पन्नास ओळींनी वाढला असेल. नऊ गार्डांचा प्रश्न त्याने वेगळा नियम न लिहिताच सुटला, कारण पाचव्या गार्डची खेळण्याची शक्यताच इतकी कमी की त्याची किंमत आपोआप घसरते.

काही खेळांत जागांचे कोटे ठरवून हा प्रश्न मिटवतात: तीन पॉइंट गार्ड, दोन सेंटर, अशा रीतीने. मला ते आवडत नाही. कोटा भरण्यासाठी संगणक मग पडेल तो सेंटर उचलतो, आणि पुढच्या वर्षी उत्तम सेंटर समोर आला तरी 'जागा भरली' म्हणून सोडून देतो.

सहा गेले, सहा आले

याच्याशी जोडलेला दुसरा दोष इतका शांत असतो की कोणाच्या लक्षात येत नाही. बारा जागा, चार वर्षे. आदर्श संघात दरवर्षी तीन मुले जातात आणि तीन येतात. पण एखादा माणूस प्रशिक्षक विजेतेपदासाठी सगळी शक्ती एका तुकडीवर लावतो, ती तुकडी शेवटच्या वर्षाला आली की हंगाम संपवून निघून जातो. संगणकाच्या हाती येतो तो ६, २, २, २ असा संघ. सहा जागा रिकाम्या. संगणक सहा नवी मुले घेतो. चार वर्षांनी पुन्हा सहा जागा एकदम रिकाम्या, आणि त्या वर्षी संघ कोसळतो. चूक एकदाच झाली, पण लाट कायमची राहिली, कारण 'जागा रिकामी तर भर' एवढाच नियम आहे.

लाट मोडायला साधन त्याच खेळात असते. अमेरिकेत दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजे आहेत (आपले अकरावी-बारावीचे ज्युनियर कॉलेज नव्हे). तिथून येणाऱ्या खेळाडूची दोनच वर्षे उरलेली असतात. सहा जागांवर चार नवी मुले आणि दोन असे खेळाडू घेतले तर काय होते? पुढच्या वर्षी दोन जागा सुटतात; त्याच्या पुढच्या वर्षी जुने दोन आणि हे दोन मिळून चार; मग दोन; मग चार. ६, २, २, २ चा संघ ४, २, ४, २ वर आला. अगदी सपाट झाला नाही, पण कोसळणार नाही. चांगला माणूस प्रशिक्षक हे सहज करतो. संगणकाला करता येत नाही असे काही त्यात नाही. पुढच्या चार वर्षांच्या रिकाम्या जागांचा एक लहानसा अ‍ॅरे त्याच्याजवळ हवा, आणि तो पाहूनच मुलाची किंमत कमी-जास्त व्हायला हवी.

कोणामागे किती?

इथवरचा भाग निवडीचा झाला. आता मिळवण्याचा, आणि तो जास्त रंजक आहे.

प्रतिकृतीत प्रत्येक संघाला भरतीसाठी १०० एकके दिली होती. एखाद्या मुलामागे जो जास्त एकके लावेल त्याच्याकडे तो झुकतो. हरलेल्याची एकके परत मिळत नाहीत. संगणक चार मुले ठरवायचा आणि प्रत्येकामागे २५ लावायचा. माझ्या विद्यार्थ्यांना हे कळायला एकच हंगाम पुरला. पुढच्या हंगामात त्यांनी तीन मुलांमागे २६-२६ लावले. ७८ एककांत तीन मुले, वर २२ शिल्लक. संगणकाने १०० खर्चून एक मुलगा मिळवला, आणि तोही चौघांतला सर्वांत कमी पसंतीचा.

हरलेल्याचीही रक्कम जाते अशा लिलावाचा अर्थशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. दोन्ही बाजूंना एकमेकांच्या गरजेची पूर्ण माहिती असेल तर अशा लिलावात ठराविक बोली लावणारा तोट्यातच जातो. तोल साधायचा तर बोलीत अनिश्चितता हवी. मर्यादित बळ अनेक आघाड्यांवर वाटण्याचा प्रश्न तर त्याहून जुना. एमिल बोरेल या फ्रेंच गणितज्ञाने तो १९२१ मध्ये मांडला, आणि 'कर्नल ब्लोटोचा खेळ' या नावाने तो आज ऑपरेशन्स रिसर्चच्या वर्गात शिकवला जातो. समान वाटणी ही त्यात सहसा वाईट खेळी ठरते. आमच्या संगणकाने नेमकी तीच केली, आणि दरवर्षी केली.

सुधारणा मी दोन ठिकाणी सुचवते. पहिली, वाटणी असमान आणि थोडी अनिश्चित ठेवणे. पहिल्या पसंतीवर ६०, दुसऱ्यावर ४०, कधी उलट, कधी तीन मुले. समोरच्याला २६ चा हिशेब करता आला नाही पाहिजे. दुसरी सुधारणा माघारीची. बहुतेक खेळांत कोण पुढे आहे हे भरती चालू असताना दिसत राहते. दोन-तीन वेळा पाहून आपण मागेच पडतो आहोत असे दिसले, तर उरलेली एकके दुसऱ्या मुलाकडे वळवावीत. माणसाला हे जमत नाही! 'इतके लावले आहेत, आता सोडू कसा' म्हणून तो अडून बसतो, आणि शेजारच्या संघाचा राग असेल तर विचारूच नका. संगणकाला ना राग, ना गेलेल्या खर्चाचे दुःख. जिथे तो माणसापेक्षा स्वभावतःच सरस आहे, नेमके तिथे आपण त्याला मठ्ठ ठेवतो.

माघारीला जोडून शेवटचा मुद्दा रिकाम्या जागेचा. भरतीच्या अखेरीस जागा उरली की खेळ तिथे वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीविना आपणहून येणारा, कमकुवत खेळाडू घालतो. आमच्या कोडमध्ये संगणक पहिल्या दिवशी ठरवलेला किमान दर्जा शेवटच्या दिवसापर्यंत सोडत नव्हता. अभियांत्रिकी कॉलेजात प्रवेशाचे काम केलेल्या कोणालाही यावर हसू येईल. पहिल्या फेरीत आमच्या अपेक्षा काय असतात आणि शेवटच्या फेरीत काय असतात! कटऑफ उतरत जातो, कारण रिकामी जागा कोणाच्याच उपयोगाची नसते. संगणकाचा किमान दर्जाही दिवसागणिक उतरायला हवा आणि शेवटच्या दिवशी वॉक-ऑनच्या पातळीवर यायला हवा. एवढी एक ओळ बदलली आणि आमच्या लीगमधली वॉक-ऑनची गर्दी जवळजवळ नाहीशी झाली.

चुकीचे उपाय

दरवर्षी कोणीतरी गेल-शॅपली अल्गोरिदम सुचवतोच. १९६२ चा तो निबंध आपण वाचलेला आहे, आणि आयआयटी-एनआयटीची जोसा प्रवेशप्रक्रिया त्याच कुळातली आहे हेही तुम्हाला माहीत आहे. फ्रीझ, फ्लोट, स्लाइड यांतून तुमच्यातले बरेच जण गेले असतील. पण तिथे उमेदवाराची पसंती आधीपासून ठरलेली असते. तो ती यादी भरतो आणि एक मध्यवर्ती यंत्र जुळणी करते. इथे पसंती ठरलेली नसते. ती प्रशिक्षकाच्या कष्टाने बनते, आणि तोच तर खेळ आहे. सगळी भरती मध्यवर्ती जुळणीवर सोडली तर माणसाला करण्यासारखे काही उरत नाही. मात्र शेवटच्या दिवशी, ज्या मुलांकडे कोणीही माणूस फिरकला नाही आणि ज्या जागा फक्त संगणकाच्या संघांत रिकाम्या आहेत, त्यांची जुळणी या पद्धतीने लावायला माझी हरकत नाही. तिथे कोणाचा खेळ हिरावला जात नाही, आणि एकही चांगला मुलगा वाया जात नाही.

दुसरा उपाय जास्त लोकप्रिय आणि जास्त वाईट आहे: संगणकाला जादा पैसे द्या, किंवा मुलांची लपवलेली कमाल क्षमता त्याला थेट दिसू द्या. सामान्य व्हिडिओ गेममध्ये 'कठीण' पातळी बऱ्याचदा अशीच बनते. एकट्याने खेळायच्या खेळात ते एक वेळ चालेल. इथे नाही. इथे माणूस मुलाची क्षमता शोधायला पैसे आणि वेळ खर्चतो; संगणकाला ती फुकट दिसते हे त्याला आज ना उद्या कळतेच, आणि त्या दिवशी सगळ्या लीगवरचा त्याचा विश्वास उडतो. शिवाय हा उपाय दोष झाकतो. १५० एकके दिलेला संगणकही ती समानच वाटणार. नियम सर्वांना एकच, माहिती सर्वांना तेवढीच, ही अट मी प्रकल्पाला घातली होती, आणि ती पाळूनच वरच्या सगळ्या सुधारणा झाल्या.

तिसरी अडचण आम्हाला अगोदर दिसली नव्हती. किंमतीचे फंक्शन सुधारल्यावर पहिल्याच चाचणीत संगणकाचे सगळे संघ त्याच तीन-चार मुलांमागे धावले. सगळ्यांची अक्कल एकच, मग पसंतीही एकच. त्या मुलांवर ढीगभर एकके जळाली आणि मधल्या दर्जाची मुले कोणी न विचारता पडून राहिली, जी अर्थातच माणसांनी स्वस्तात उचलली. गटाने त्यात यादृच्छिक संख्या मिसळायचे ठरवले. मी थांबवले. खऱ्या प्रशिक्षकांच्या पसंती वेगळ्या असतात त्या फासे टाकून नव्हे. त्यांची खेळण्याची पद्धत वेगळी असते म्हणून. हूप्स डायनॅस्टीत बचाव माणसामागे माणूस, झोन किंवा पूर्ण मैदानभर दाब असा निवडता येतो. दाब टाकणाऱ्या संघाला वेग आणि दम असलेली मुले लागतात. झोन खेळणाऱ्याला हळू पण उंच मुलगाही चालतो. प्रत्येक संगणक-संघाला एक पद्धत नेमून दिली आणि वजने तिच्यावरून काढली, की पसंती आपोआप पांगते. आणि नवा माणूस संघ घ्यायला येतो तेव्हा त्याला 'हा दाबाचा संघ' असे काही तरी ओळखीचे मिळते.

संगणक किती बलवान व्हावा, यावर वर्गात एकमत झाले नाही. काहींना वाटे, त्याने अव्वल मुलांसाठीही माणसाशी भिडावे. मला तसे वाटत नाही. अव्वल मुलगा मिळवण्याचा थरार माणसासाठी राखून ठेवावा. संगणकाने मधल्या मुलाला स्वस्तात जाऊ देऊ नये, एवढे केले तरी खूप झाले. त्यामुळे बलाढ्य संघ चालवणाऱ्या माणसाला प्रत्येक जागेसाठी काहीतरी मोजावे लागते, आणि तळातला संघ घेणाऱ्या नवशिक्याच्या हाती खेळता येईल असा संघ येतो. यावर असाही आक्षेप आला की मग लीग फार सपाट होईल. तो मोजून तपासता येण्यासारखा आहे, आणि तेच तुमचे काम.

स्वाध्याय: प्रतिकृतीची फाइल या घटकासोबत दिली आहे. वरच्या चार बदलांपैकी (चार वर्षांची किंमत, जागांचा अ‍ॅरे, असमान वाटणी, उतरता किमान दर्जा) एका वेळी एकच चालू ठेवून प्रत्येकी वीस हंगाम चालवा. प्रत्येक हंगामाअखेर संगणकाच्या संघांतले वॉक-ऑन, चारही तुकड्यांच्या संख्येतला फरक आणि पहिल्या व शेवटच्या संघाच्या सरासरी गुणांतले अंतर नोंदवा. मग संगणकाचा सर्वांत दुबळा संघ स्वतः घ्या, तीन हंगाम खेळा आणि किती सामन्यांनंतर सोडून द्यावेसे वाटले तेही प्रामाणिकपणे लिहा. हा आकडा कोडमधून निघत नाही, पण मी तो तपासणार आहे.